चाळीस उन्हांचा शब्द

मंगळवारी दुपारी पत्र आले, पण मार्तंडरावांच्या घरी ते आले नाही असे ठरले.

पोस्टमनने पाकीट हातात दिले होते, प्रमोदिनीने ते फोडून तीन वेळा वाचले होते, आणि तिच्या कडेवरच्या चंपूने त्याचा एक कोपरा चावून ओलाही केला होता. तरी पत्र आले नव्हते. कारण ते इंग्रजीत होते, आणि चौलच्या परिभाषा मंडळाचा पहिलाच नियम असा होता की, ज्या मजकुरातल्या एखाद्याही शब्दाला मराठी शब्द मिळायचा बाकी आहे, तो मजकूर उंबऱ्याबाहेर आहे असे समजावे. मंडळ भरे मार्तंडरावांच्या ओटीवर, त्यामुळे उंबराही त्यांचाच.

मार्तंडराव म्हणजे प्रमोदिनीचे सासरे. शाळाखात्यात तीस वर्षे तपासनिसी करून ते चौलला वाडीवर येऊन राहिले, पण तपासायची सवय काही सुटली नाही. शाळा उरल्या नाहीत म्हणून त्यांनी भाषा तपासायला घेतली. मंडळात ते धरून तीन जण: शिवदास वैद्य, ज्यांना प्रत्येक शब्दात कफ, वात नाहीतर पित्त दिसे, आणि सदा मास्तर, ज्यांचे अक्षर चांगले म्हणून इतिवृत्ताची वही त्यांच्याकडे. नियम मात्र कडक होते. वाडीला पाणी देण्याचे नवे तेलाचे इंजिन मागच्या वर्षी दोन महिने झाकून पडले होते, कारण त्याच्या कागदावर व्हॉल्व्ह असा शब्द होता आणि तो मंडळापुढे विचाराधीन होता. तोवर पोफळींना रहाटाचेच पाणी प्यावे लागले.

इंजिनाचे ठीक होते. पत्र चंपूचे होते.

चंपू बावीस महिन्यांची झाली होती आणि तिच्या तोंडून अजून एकही शब्द आला नव्हता. आई नाही, बाबा नाही, नको नाही. हसायची, रडायची, हवे ते बोटाने दाखवायची, आणि कुणी बोलू लागले की त्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसायची. शेजारच्या राहीचा मुलगा तिच्याहून महिन्याने लहान, तो म्हशीला नावाने हाक मारत होता. प्रमोदिनी विज्ञान शाखेची पदवीधर. काळजी वाटली की बाकीच्या बायका देवाला नारळ ठेवतात. तिने नारळ ठेवलाच, वर एक वहीही घातली. त्या वहीत ती रोज लिही: कावळा ओरडला, वळली. पितळी पडली, वळली. आई म्हण म्हटले, तोंडाकडे पाहत राहिली. घड्याळाचा ठोका, वळली नाही. मग पाहिले तर घड्याळच बंद होते.

विश्वंभर, तिचा नवरा, मुंबईला कचेरीत होता. त्याने एका मोठ्या डॉक्टरांना सगळे कळवले आणि डॉक्टरांनी थेट घरी उत्तर धाडले. लहान मुलाच्या मज्जापेशींचे डेंड्राइट पहिल्या तीन वर्षांत झपाट्याने फुटतात, काही दोष असेल तर तो आताच कळलेला बरा, मुलीला येत्या सोमवारी सकाळी दहाला आणावे. त्यानंतरच्या गुरुवारी ते स्वतः बोटीने युरोपात जाणार होते. परत यायला आषाढ उजाडणार. आता कार्तिक चालला होता.

मंगळवारी चार वाजता मंडळ भरले. मार्तंडरावांनी पत्र हातभर लांब धरले, न आलेले पत्र धरावे तसे.

"बाकी सगळे शब्द आहेत," ते म्हणाले. "मज्जापेशी आपण मागच्या चैत्रातच मंजूर केली. अडतोय तो एकच. सूनबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. या डेंड्राइटचा अर्थ काय, तेवढा सांगा."

प्रमोदिनी आतून रांगोळीचा डबा घेऊन आली. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली पेशी तिने ओटीवर काढली: मधे एक टपोरा ठिपका, त्याला चहूबाजूंनी फुटलेल्या बारीक बारीक फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि खाली एक लांबच लांब शेपूट. चंपू वाकून बघू लागली.

"हा शेवगा झाला," सदा मास्तर म्हणाले.

"ही पेशी आहे. या फांद्या ते डेंड्राइट. शेजारच्या पेशी जे सांगतात ते या फांद्या ऐकतात आणि आत आणतात. मग पेशीला वाटलं तर ती या शेपटातून पुढे सांगते."

"म्हणजे फांद्या ऐकतात आणि शेपूट बोलतं," शिवदास वैद्य म्हणाले. "उलटं नाही का वाटत हे?"

"मंडळात बसून शेपूट बोलतं हे पटत नाही का तुम्हाला," आतून गोदावरीबाईंचा आवाज आला. सासूबाई मागच्या दारी सुपारी सोलत होत्या, आणि त्यांच्या कानाला भिंत लागत नसे.

मार्तंडरावांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी जाडजूड कोश उघडला. "मूळ ग्रीक आहे. डेंड्रॉन म्हणजे झाड. ठीक. आता प्रश्न असा, की कुठलं झाड?"

या प्रश्नावर मंगळवार संपला. बुधवारही संपला. चौलला झाड म्हटले की माड नाहीतर पोफळ. दोन्ही सरळसोट आभाळात जातात, फांदी म्हणून कुणाला नाही. ज्याला फांदीच नाही त्याच्यावरून फांदीचा शब्द कसा काढावा? शिवाय मार्तंडरावांचे म्हणणे असे की फांदी बाहेर जाते, ही तर आत आणते, म्हणजे हिला खरे तर मूळ म्हणावे. वैद्यांचे म्हणणे, मूळ म्हटले की उपटावेसे वाटते, आणि मेंदूतले काही उपटणे आयुर्वेदात बसत नाही. प्रमोदिनीने दारातून हळूच सुचवले, "ऐकफांदी म्हटलं तर?" सदा मास्तरांनी वहीत लिहिले: घरगुती सूचना एक, नोंद घेतली.

गुरुवारी तज्ज्ञ म्हणून बुधाजीला बोलावणे गेले. बुधाजी वाडीतले नारळ उतरवायचा. कमरेची कोयती काढून त्याने पायरीवर ठेवली आणि रांगोळीच्या पेशीला वळसा घालून उकिडवा बसला.

"बुधाजी," मार्तंडराव म्हणाले, "माडाला फांदी असते का?"

"मालक, चाळीस वर्सं माडावर चढतोय. फांदी आसती तर एकदा तरी टेकलो नसतो का?"

"मग काय असतं?"

"झाप हाय. जुना झाप गळतो, नवा येतो."

"झाप हा शब्द चांगला आहे," मास्तर म्हणाले.

"गळतो," वैद्य म्हणाले. "मेंदूतलं गळणारं नको."

बुधाजीने चंपूकडे बघितले. चंपू त्याच्या तोंडाकडे बघत होती. "पोरीला काय हाय?"

"तेच विचारायला मुंबईला जायचंय," प्रमोदिनी म्हणाली.

"मंग जावा की."

"पत्र आलेलं नाही," तिन्ही सभासद एकदम म्हणाले.

बुधाजीने न आलेल्या पत्राकडे नजर टाकली, कोयती उचलली आणि निघून गेला. शेवटी त्याच संध्याकाळी दोनास एक मताने शाखिका हा शब्द मंजूर झाला. मार्तंडरावांनी तो पाटीवर सुरेख वळणात लिहिला. प्रमोदिनीचा जीव भांड्यात पडला. तिने गाठोडे बांधायलाही घेतले.

"घाई कशाला," मार्तंडराव म्हणाले. "आता शब्द वाळत घालायचा."

चौथा नियम ती विसरली होती. विसरली म्हणण्यापेक्षा, आपल्या मुलीलाही तो लागू होईल असे तिला कधी वाटले नव्हते. नियम असा: नवा शब्द ओला असतो, म्हणून तो सुपारीप्रमाणे चाळीस उन्हे दाखवून वाळवावा, आणि मगच वापरात आणावा. तो नियम नुसता कागदावर नव्हता. पाटी खरोखरच अंगणातल्या खळ्यात, पसरलेल्या सोनेरी सुपाऱ्यांच्या मधोमध ठेवली जाई. दुपारी गोदावरीबाई सुपारी खालीवर करायला येत तेव्हा पाटीही पालथी करीत. असे दोनशे चौदा शब्दांचे वाळवण त्या अंगणात आजवर झाले होते.

"मामंजी," प्रमोदिनी म्हणाली, "चाळीस दिवसांनी डॉक्टर मुंबईत नसतील."

"पण तुमच्या हाती वाळलेलं पत्र असेल," मार्तंडराव समजुतीने म्हणाले. त्यांचा स्वर कठोर नव्हता. नातीला मांडीवर घेऊन ते तिला आपल्या चष्म्याची दांडी चावू देत होते. "कच्च्या शब्दावर मूल मुंबईला न्यायचं, आणि वाटेत अर्थ बदलला तर?"

त्या रात्री प्रमोदिनीने वहीत काही लिहिले नाही. विचार करून करून तिचे डोके दुखू लागले. न सांगता निघून जावे? मोटारीला बसण्यापूर्वी अख्ख्या चौलला कळले असते. पत्रातला तो शब्द खोडावा? मार्तंडरावांनी तीस वर्षे पोरांच्या उत्तरपत्रिका पाहिल्या होत्या. खाडाखोड त्यांना वासानेच कळायची.

शुक्रवारी सकाळी ती मागच्या दारी गेली. चुलाण्यावर तांब्याचा मोठा हंडा चढला होता. हिरव्या, कोवळ्या सुपाऱ्या सोलून सासूबाई त्यात सोडत होत्या, आणि काथाचे लाल पाणी रटरटत होते.

"ही कधी वाळेल?" प्रमोदिनीने विचारले. विचारायचे म्हणून विचारले.

"ही चिकणी. उकडलेली. कापून घातली तर दोन उन्हं पुरे."

"चाळीस नको?"

"चाळीस पिकल्या सुपारीला, सालासकट वाळवतात तिला. कोवळी उकडून घेतली की तिचा ओलेपणा हंड्यातच राहतो." गोदावरीबाईंनी मान वर केली. सुनेच्या तोंडाकडे पाहिले. मग चंपूकडे. त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. "शब्द कोवळाच आहे नाही का तुमचा?" त्या म्हणाल्या. "कालचा तर आहे."

मंडळाची तातडीची बैठक सकाळी दहालाच भरली, आणि ती ओटीवर न भरता हंड्याभोवती भरली, कारण गोदावरीबाईंनी चूल सोडायला नकार दिला.

"नियमात उकडण्याचा उल्लेख नाही," मार्तंडराव म्हणाले.

"नियमात सुपारीप्रमाणे असं लिहिलंय ना?"

"लिहिलंय," सदा मास्तरांनी वही पाहून सांगितले.

"मग सुपारीचं काय ते मला विचारा. तुमच्यापैकी कुणी खाण्यापलीकडे सुपारीला हात लावलाय? शिवदासभाऊजी, तुम्ही?"

"उकडल्यानं गुण जातो," वैद्य चाचरत म्हणाले, आणि मग त्यांना आपला अख्खा धंदा आठवला. "अर्थात काढ्यात तो वाढतो."

"पाटी उकडायची कशी?" मार्तंडरावांनी शेवटचा पाय रोवला. "पेन्सिल धुऊन जाईल."

याचे उत्तर प्रमोदिनीने आणले होते. पोफळीच्या झापाचे बूड रुंद आणि चामड्यासारखे चिवट असते. त्याला विरी म्हणतात. तिने एक विरी आणून दाभणाने तिच्यावर शाखिका असे कोरले. सासूबाईंनी ती अडकित्त्यावर धरली आणि विचारले, "कापू?" कट्ट, कट्ट, असे दोन आवाज झाले आणि शब्दाचे तीन तुकडे, शा, खि आणि का, लाल पाण्यात पडले. तिघे सभासद हंड्यात वाकून बघत राहिले. वाफेने मार्तंडरावांचा चष्मा पांढरा झाला, तो त्यांनी पुसला नाही.

"कितपत उकडायचा?" मास्तरांनी नोंदीसाठी विचारले.

"मला कळेल," गोदावरीबाई म्हणाल्या.

दुपारी शब्द खळ्यात पडला. चांगले कडक ऊन होते. प्रमोदिनी ओटीच्या खांबाला टेकून राखण करीत होती. एक ऊन झाले. शनिवारी दुसरे. तीनच्या सुमाराला तिने मामंजींना विहिरीपाशी पाहिले. ते न आलेले पत्र वाचत होते, ओठ हलवीत, आणि मधूनच मान वर करून चंपूकडे बघत होते. प्रमोदिनीला पाहताच त्यांनी ते घाईघाईने खिशात घातले. त्यांनाही जायचे होते. एवढेच की, आपण लावलेला दरवाजा आपणच कसा उघडावा हे त्यांना माहीत नव्हते.

तेवढ्यात कावळा आला आणि खि घेऊन गेला.

प्रमोदिनी धावली, बुधाजी धावला, कावळा सर्वांत उंच माडावर जाऊन बसला. बुधाजी निम्म्यावर चढेपर्यंत त्याने खि चाखून पाहिला आणि चौलच्या खाडीच्या दिशेने नेला. मार्तंडराव मटकन ओटीवर बसले. "एक तृतीयांश शब्द गेला," ते म्हणाले. "आता नवा करावा लागेल."

"दरवर्षी कावळे पाच-पन्नास सुपाऱ्या नेतात," गोदावरीबाई म्हणाल्या. "म्हणून का आपण उरलेली सुपारी कच्ची म्हणतो?" त्यांनी राहिलेले दोन तुकडे उचलले, कानापाशी नेऊन एकमेकांवर आपटले. खणखणीत वाजले. "वाळला," त्या म्हणाल्या. त्यापुढे अपील नव्हते.

संध्याकाळी प्रमोदिनीने वहीत लिहिले: कावळा खि घेऊन उडाला, दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. आजी तुकडे वाजवत होती, ते तीनदा वळून पाहिले.

रविवारी पहाटे देवापुढे दिवा लागल्यावर मार्तंडरावांनी पत्र मोठ्याने, मराठीत वाचले. डेंड्राइटच्या जागी शाखिका म्हणताना त्यांचा आवाज किंचित चढला. वाचून झाले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, हे तर उद्याच बोलावतायत," ते म्हणाले. "इतक्या आयत्या वेळी कळवतात का हे मुंबईचे लोक? सूनबाई, उभ्या काय राहिलात, मोटार चुकेल."

मोटारीने ती रेवसला पोचली, तिथून बोटीने भाऊच्या धक्क्यावर. विश्वंभर धक्क्यावर उभा होता. तो मंगळवारपासून रोज संध्याकाळी धक्क्यावर येत होता, कारण घरचे काही कळतच नव्हते. त्याने पाठवलेली दोन पत्रेही आलेली नव्हती. एकात टॉन्सिल होते, दुसऱ्यात अपॉइंटमेंट.

डॉक्टरांनी चंपूच्या पाठीमागे घंटी वाजवली, चंपू वळली. कागद चुरगाळला, वळली. कानाशी कुजबुजले, तशी हसली. मग त्यांनी प्रमोदिनीला विचारले, "घरी बोलतं कोण?"

"सगळेच."

"कितीदा?"

तिने मंडळाच्या वेळा सांगितल्या. मार्तंडरावांनी दिलेली इतिवृत्ताची नक्कलही पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली, परत एकदा वाचली, आणि चष्मा काढून ठेवला.

"हिचे डेंड्राइट उत्तम आहेत," ते म्हणाले. "ऐकायला इतकं मिळतंय की बोलायला फट सापडत नाहीये. हिच्याशी बोला, आणि बोलून झालं की गप्प बसा. ती उत्तर देईल म्हणून थांबा. थांबत कुणी नाही, मी पाहिलंय."

प्रमोदिनीने मान हलवली. आपण गेले वर्षभर आई म्हण, आई म्हण असे एकावर एक म्हणत आलो आणि मधे श्वासही घेतला नाही, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवले.

चौलला डॉक्टरांचा सल्ला मार्तंडरावांनी शिरोधार्य मानला. मंडळाला पाचवा नियम आला: प्रत्येक ठरावानंतर चंपावतीसाठी एक मिनिट थांबावे. सदा मास्तरांच्या वहीत रोज एक ओळ पडू लागली. थांबलो. चंपावती काही म्हणाली नाही. थांबलो. चंपावतीने वैद्यांची छत्री ओढली. थांबलो. प्रमोदिनी दाराआड उभी राहून ते मिनिट मोजत असे, आणि त्या मिनिटात तिला कुणाचा खोकलाही सहन होत नसे. रांधताना, न्हाऊ घालताना ती एक वाक्य बोले आणि जीभ चावून थांबे. महिना गेला. विश्वंभरची पत्रे येत, आता शुद्ध मराठीत, आणि प्रत्येकात एकच प्रश्न असे.

पौषात एक दिवस खळ्यातल्या पिकल्या सुपारीची चाळीस उन्हे भरली. गोदावरीबाई पाटावर बसल्या, एकेक सुपारी कानाशी नेऊन खुळखुळवू लागल्या. वाजली की टोपलीत, नाही वाजली की परत उन्हात. ओटीवर मंडळ भरले होते. भिंतीवर खुंटीला दोऱ्यात ओवलेले शा आणि का लटकत होते. शब्द वापरात आल्याची अंतिम नोंद आज व्हायची होती.

"तर शाखिका हा शब्द," मार्तंडराव म्हणाले, "अर्थासह आणि उपयोगासह कायम करण्यात येत आहे." आणि नियमाप्रमाणे सगळे थांबले.

चंपू उठली. भिंतीपाशी गेली, दोरा ओढून दोन्ही तुकडे खाली घेतले. एक तुकडा कानाशी धरून तिने हलवला. ऐकला. पुन्हा हलवला. मग आजीच्याच थाटात नाक वर करून म्हणाली,

"कच्ची."

सदा मास्तरांची लेखणी हवेतच राहिली. प्रमोदिनीचे दोन्ही हात दाराच्या चौकटीवर घट्ट आवळले गेले. धावत जावे, उचलावे, पुन्हा म्हण म्हणावे, असे तिला वाटले. ती थांबली.

"ऐकलंत ना," गोदावरीबाई सुपारीवरची नजर न काढता म्हणाल्या. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "घाला परत वाळत."

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "अध्यक्षांना मान्य आहे," ते म्हणाले.

"पण मग," सदा मास्तर वही चाळत म्हणाले, "शब्द कच्चा म्हणजे पत्र आलेलं नाही. आणि पत्र आलेलं नाही म्हणजे सूनबाई मुंबईला गेल्याच नाहीत."

"नाही गेल्या," वैद्य म्हणाले.

"आणि डॉक्टरांनी काही सांगितलंच नाही. म्हणजे पाचवा नियमही झाला नाही."

"मग त्या नियमाची खाडाखोड करा," मार्तंडराव म्हणाले. असा हुकूम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिला. चंपूने दुसरा तुकडा उचलून कानाशी नेला होता, आणि ओटीवरची सगळी माणसे, आता कोणत्याही नियमावाचून, थांबून राहिली होती.